किनारीतला धागा

डॉक्टरांनी पडदा माझ्याकडे वळवला.
पांढऱ्या, सायीसारख्या गुळगुळीत थरात
जुन्या आठ आण्याएवढा खळगा.
"ही कूर्चा. हिच्यात रक्त फिरत नाही,
म्हणून आपली आपण भरून येत नाही."
मी विचारलं, मग रात्री ठणकतं कोण?
म्हणाले, हिला नसाही नाहीत.
ठणकतं ते खालचं हाड.

अक्कलकोट रोडचा कारखाना,
टॉवेलच्या सुताचा बीम, पाचवी पायरी.
तीन वर्षं मी या गुडघ्याशी मराठीत भांडले,
मग तेलुगूत. दोन्ही त्याला कळत होत्या.

कडेवरून, जिथं भार पडत नाही तिथून,
तांदळाच्या कणीएवढे दोन तुकडे घेणार होते.
मला कन्ना चौकातला रफूवाला आठवला.
तो चादर उलटी करतो,
दुमडलेल्या किनारीतला एक धागा उसवून घेतो.
बाजारातला रंग जुळत नाही, म्हणतो,
कापडाचं भोक कापडानंच भरावं.

पैशांसाठी बाबांचा शेवटचा माग
भंगारात गेला. किलोवर.

माझ्या पेशी पाच आठवडे पुण्यात राहिल्या.
मी कधी राहिले नाही.
इथं पारा त्रेचाळीसवर,
तिथं त्यांना काचेच्या कपाटात बरोबर सदतीस,
लाइट जाणं नाही, पाण्याची पाळी नाही,
दर दोन दिवसांनी कुणीतरी
त्यांचं गुलाबी पाणी बदलायचं.
त्या हातांचं नाव माझ्या फाइलीत नाही.

फाइलीवर होतं: ऊती अभियांत्रिकी.
शेजारच्या मास्तरांकडून शब्दकोश आणला.
ऊती: मूळ अर्थ, विणणं.
हे बाबांना सांगायचं राहिलं.
ते सांधणी करायचे. ताणा संपत आला की
नव्याचं एकेक टोक जुन्याच्या टोकाला
अंगठ्याच्या एका पिळात,
चोवीसशे टोकं, एका बैठकीत,
आणि उठताना मागाला धरून उठायचे.

डॉक्टरांनी चिठ्ठीच्या पाठीवर काढून दाखवलं:
वरचे तंतू आडवे, मधले कसेही,
खालचे उभे, हाडात रोवलेले.
नवी कूर्चा अशीच विणली जाईल?
"काहींची जाते. काहींची जाडीभरडी निघते.
दोन वर्षांनी सांगेन."
हा माणूस मला तेव्हा आवडला.

अम्मा सोबत आली होती, स्वतःचे दोन गुडघे घेऊन.
चाळीस वर्षं मांडी घालून, मांडीवर सूप,
सुपात पानं, दिवसाला हजार विड्या.
तिनं लुगडं वर करून दाखवलं.
खळगा बुजवता येतो, डॉक्टर म्हणाले,
पण अख्खं कापडच विरलं असेल तर...
पुढचं वाक्य त्यांनी इंग्रजीत पुरं केलं.
अम्माला इंग्रजी येत नाही.
तिनं लुगडं खाली घेतलं.

मग तो पडदा आला, थंड पेटीतून,
धुवट मलमलीच्या तुकड्यासारखा,
खळग्याच्या मापानं कापलेला.
टाका नाही; रक्तातल्याच खळीनं चिकटवला.
भूल कमरेखाली होती. मी जागी होते,
कात्रीचा आवाज ओळखीचा वाटला.

आता सातवा आठवडा.
वजनकाट्यावर पाऊल ठेवायचं,
वीस किलोच्या पुढं काटा जाऊ द्यायचा नाही.
मी एका पायानं उभी, हळूहळू स्वतःला
स्वतःवर ठेवते आहे.
अम्मा आकडा वाचायला भिंत धरून उठते.
तिचे गुडघे वाजतात, दोन्ही, एकापाठोपाठ एक,
रिकाम्या मागात धोटा फेकल्यासारखे.

माझा वाजत नाही.
"किती?" ती विचारते.
मी काट्याकडे बघत राहते,
उगाच, जास्त वेळ.