इतिवृत्तात नसलेलं

विट्याच्या पंचायत समितीत सव्वीस वर्षं
मी सभेचं इतिवृत्त लिहिलं.
विषय क्रमांक, सूचक, अनुमोदक,
आणि खाली ठरलेलं वाक्य :
'सर्वानुमते मंजूर', नाहीतर 'सभेत गोंधळ झाला'.
गोंधळाला माझ्याकडं एवढीच एक ओळ होती,
मग खुर्ची फेकलेली असो की नुसती सरकवलेली.

त्या दिवशी विषय क्रमांक सात.
मौजे कुरणवाडी, पाझर तलाव, गाळ काढणे,
बिल अदा करणे.
हिंदुराव साळुंखे उठले विरोधी बाकावरून,
कपाळाला घाम, हातात चार पानांचं निवेदन.
आरोप थेट सभापतींवर, ज्ञानू होवाळांवर :
तलावातनं गाळ निघालाच नाही,
निघाला तो पैसा.

उठले, आणि खिसे चाचपू लागले.
सदऱ्याचा. जाकिटाचा. पुन्हा सदऱ्याचा.
कागद लांब धरला, आणखी लांब धरला,
हात संपला
तरी अक्षरं जागेवर येईनात.
"पाठ करून यायचं हुतं की ओ, आबा!"
मागनं कुणीतरी पुटपुटलं,
आणि सत्ताधारी बाक हसायच्या बेतात आले.

होवाळांनी नुसतं वर बघितलं.
हसू जिथल्या तिथं खाली बसलं.
मग नाकावरचा चष्मा काढून
उपरण्याच्या टोकानं पुसला, दोन्ही काचा,
घाई न करता.
"बाबालाल, ह्यो आबास्नी दे.
आन् आबा, सावकाश वाचा.
आता मला काय दिसत न्हाई,
कानावरच भागवायचंय."

साळुंख्यांनी चष्मा चढवला.
दांडी जरा सैल होती, एका हातानं धरून वाचलं.
'सभापती महोदयांनी लबाडी केली.'
लबाडी तीनदा आली, तिन्ही वेळा महोदयांसकट.
एकही शब्द मऊ केला नाही,
होवाळांनीही मधे तोंड घातलं नाही,
फक्त टेबलावर बोट फिरवत राहिले,
जणू हळदीचं पोतं शिवताना टाका मोजतायत.

तिसऱ्या पानावर मात्र साळुंखे थांबले.
मनात वाचलं. ओठ हलले, आवाज नाही.
निवेदन पोरानं लिहून दिलं होतं, रात्री,
पोराच्या दोस्तांनी मिळून.
साळुंख्यांनी पान घडी केलं,
पुन्हा घडी केलं, खिशात घातलं,
आणि चौथ्याला लागले.
होवाळांना ते दिसलं नसावं.
कागदाची घडी मात्र ऐकू आली असणार,
सभागृहात तेव्हा तेवढाच आवाज होता.

मी लिहिलं : 'निवेदन, पाने तीन'.

वाचून झालं तसे साळुंखे स्वतः चालत गेले व्यासपीठापाशी.
"घ्या. नंबर जुळतोय आपला."
"नंबरच जुळतोय," होवाळ म्हणाले.
त्यावर दोन्ही बाक हसले.

बिल तहकूब झालं. पुढं चौकशी लागली.
होवाळांची खुर्ची गेली, त्यांनी ती रडत नाही दिली
आणि हसतही नाही.
साळुंख्यांनी त्यातलं एक अक्षर मागं घेतलं नाही,
ते एक पान सोडून.
दोघांचं पुढं कधी जमलं असंही नाही.
होवाळांच्या मातीला साळुंखे आले होते,
लांब, लिंबाखाली, चपला काढून उभे.

आता नातू मोबाईलवर सभा दाखवतो.
माईक ओढलेला, बाप काढलेला, सगळं एकेरी.
खाली लोकांनी आगीची चित्रं टाकलेली.
मी चष्मा काढून ठेवतो.

चष्म्याला इतिवृत्तात रकाना नव्हता.
तरी राहवलं नाही, म्हणून त्या दिवशी समासात
पेन्सिलीनं बारीक लिहिलं : 'च.'
दोन वर्षांनी लेखापरीक्षकानं त्यावर बोट ठेवलं.
"हे काय?"
म्हटलं, "चहा, साहेब."
"मग व्हाउचर कुठाय?"

तो आक्षेप माझ्या पेन्शनीपर्यंत
निकाली निघाला नाही.