मढ्याचं काम

मष्णू बिर्जे पडद्यावर चार सेकंद मेला.
खानापुरातनं दोन टेम्पो भरून माणसं बेळगावला गेली बघायला.
तो मरताना दिसलाच नाही, मेल्यावर दिसला,
मलप्रभेच्या काठाला उताणा, एका पायात चप्पल,
आणि थेटरात शिट्ट्या.

त्याची दाढी तीन दिवस मी वाढवली होती,
म्हणजे केली नव्हती.
न्हाव्याचं कसब कधी कधी न करण्यात असतं.

शूटिंगला एक माशी त्याच्या पापणीवर बसली,
चालत नाकापर्यंत गेली, परत आली.
मष्णू हलला नाही.
डायरेक्टर म्हणाला, 'वा.'
त्या एका अक्षरानं माणूस बिघडला.

कौलांच्या कारखान्यातली नोकरी सोडली.
पुढच्या उन्हाळ्यात हुबळीकडनं कन्नड पिक्चरवाले आले.
मढ्याला डायलॉग नसतो.
पाटीवर कुठली लिपी वर, यावरनं जिथं डोकी फुटतात
तिथं हेण म्हणा नाहीतर मढं,
दोन्हीकडं चालला असा हा एकटाच.

मीही पाटी बदलली: 'मष्णू यांचे केशकर्तनकार',
वर कन्नडात मोठी, खाली मराठीत बारीक, नियमाप्रमाणं.
गिऱ्हाईक वाढलं. खोटं कशाला बोलू.

मग सवयच लागली. बसस्टँडच्या बाकड्यावर मरायचा.
लग्नात कुणी म्हणालं, 'मष्णूमामा, एकदा होऊन जाऊ दे की,'
तर अक्षता झाडून मांडवातच आडवा.
मोबाइलच्या दुकानाच्या उद्घाटनाला त्याला उंबऱ्यात झोपवला,
आमदारांच्या मेव्हण्यानं त्याला ओलांडून फीत कापली.
सही दोन्ही लिपींत करायचा
आणि नावाआधी न विसरता कै. लावायचा.

'दिवसातनं तीनदा रांडाव होतोय मी,'
मल्लव्वा म्हणायची, 'भाकऱ्या कवा थापू?'

त्याच्या आधीची तीन जगली नव्हती,
म्हणून आईनं मसणाचंच नाव ठेवलेलं.
मसणाला वाटावं, हा आपलाच, घाई काय.

तेवढ्यात लोंढ्याचा एक पोरगा पुढं आला.
बावीस वर्षांचा, जिमला जाणारा, गोरा.
त्याला म्हणे न सांगता निळं पडता येतं.
मष्णू आंबिलीवर राहू लागला.
बादलीत तोंड बुडवून आकडे मोजायचा,
एकदा नव्वदवर वर आला आणि रडला,
'शंभर होईनात बघ,' म्हणाला, माझ्याच खुर्चीत.
मी त्याच्या गालाला पावडर लावली. आणखी काय लावणार?

रविवारच्या बाजारात, सुकटवालीच्या टोपल्यांशेजारी
तो पडला.
चांगला पडला. गुडघा आधी, मग खांदा, घाई नाही.
लोकांनी कडं केलं, मोबाइल वर झाले.
'पोट हलतंय.' 'नाही रे, आज जमलंय.'
सुकटाच्या माश्यांना काय, त्या आल्या,
एक पापणीवर बसली, चालत नाकापर्यंत गेली,
आणि परत यायच्याऐवजी आत गेली.
टाळ्या.

वीस मिनिटांनी मल्लव्वा आली, पिशवीत वांगी.
पायानं ढोसलं. 'उठ की. साकु.'
मग पिशवी खाली ठेवली,
वांगी गडगडत गेली, कुणी उचलली नाहीत,
कारण हात मोकळे नव्हते.

मला हाक आली. मी दुकानातला आरसा आणला,
त्याच्या नाकाखाली धरला.
काचेवर काही उमटलं नाही.
स्वच्छ होती, इतकी स्वच्छ
की मला माझा भांग दिसला,
आणि देवाशपथ सांगतो,
मी तो आधी नीट केला
आणि मग मान हलवली.

व्हिडिओ तिकडं गोव्यापर्यंत गेला म्हणतात.
मष्णूचं तोंड त्यात अर्धंच आलंय.
आरसा धरलाय तो हात माझा.
लोंढ्याचा पोरगा परवा केस कापायला आला,
बराच वेळ बघत बसला, म्हणाला,
'मामा, हात काय झकास आलाय हो तुमचा.'