एकवीस खुणा

शहापुरातली शिंप्याची टेप, लाल पेन्सिल.
नाकाच्या मुळापासून मागच्या उंचवट्यापर्यंत
छत्तीस सेंटिमीटर.
दहा टक्के म्हणजे तीन पूर्णांक सहा.
मल्लव्वाच्या केसांत खोबरेल, पेस्ट धरत नाही,
पुसते, घासते, पुन्हा चिकटवते.
"कण्णु मुच्चि," तिला.
येळ्ळूरच्या पोराला, "डोळे मीट रे."
दोघांच्याही डोक्यामागे तीच लहर,
सेकंदाला नऊ, कधी दहा.

रात्री तिसऱ्या रेल्वे गेटापाशी खोली.
मालगाडी जाते, टेबलावरचं पुस्तक थरथरतं,
मी समासात लिहिते: बाहेरचा कंप, धरू नये.
पाश्कोल सर म्हणायचे,
आधी वायरीवर संशय घे,
मग माणसावर,
मेंदूवर अगदी शेवटी.

प्रात्यक्षिकाला बेंगळूरचे परीक्षक.
खाटेवर संकेश्वरचे बाळाप्पा.
एकाएकी दोन्ही कानांवरच्या रेषा
बाभळीसारख्या काटेरी.
शेजारची मुलगी कुजबुजली, आकडी!
माझाही हात बेलकडे गेला होता,
खोटं कशाला सांगू.
मग स्क्रीन सोडून त्यांच्या गालाकडे पाहिलं.
"मामा, तोंडात काय आहे?"
निपाणीची तंबाखू.
रेषा निवल्या. मी लिहिलं: जबडा.
परीक्षक काहीच बोलले नाहीत,
पेनाचं टोपण लावलं फक्त.

प्रमाणपत्रावर कांग्राळकरमधला एक 'ए' गळालाय.
आईनं ते उलटसुलट करून पाहिलं.
"मग आता गे, मनातलं दिसतंय काय तुला?"
नाही आई.
डोळे मिटलेत का उघडे, तेवढं कळतं.
आणि कोण काय चघळतंय.
"होय की," म्हणाली,
आणि माझ्यासमोर बसून
तिनं डोळे मिटले.