कोरडा डाग

क्लबचं कपाट म्हणजे रामबागेत ओखद्यांच्या जिन्याखालची जागा.
किल्ली माझ्याकडे, वहीही माझ्याकडे.
वहीत तीन रकाने: काय नेलं, कोणी नेलं, परत कधी.
तिसरा बहुतेक कोराच.

नजमुद्दीनभाईंनी नेलेला अँटेना अ‍ॅनालायझर
दोन दिवाळ्या झाल्या, सियागंजातच आहे.
मागायला गेले, तर "अरे बाई, ले जाओ ना" म्हणाले
आणि पुडीत पितळी नट-बोल्ट बांधून दिले पाव किलो.
पैसे विचारायची सोय नाही.
पुडी घेऊन घरी आले,
अ‍ॅनालायझर तिथेच राहिला.

मग हा सेट आला दुरुस्तीला.
चाळीस मीटरचा, किटमधून जोडलेला,
डबा मुळात बिस्किटांचा.
सुट्टीत शाळकरी भाचा सगळ्या मावश्यांकडे जेवून येतो
तसा क्लबातल्या प्रत्येकाकडे राहून आलेला.
तक्रार: तापला की मुका होतो.

झाकण काढलं.
डागालाही अक्षर असतं, सांगून कोणाला पटत नाही.
हा मोहरीएवढा, गोल, चकचकीत, तेलंगकाकांचा.
हा ढीग नजमुद्दीनभाईंचा,
दुकानदाराचा हात, तोलून वर थोडं जास्तच.
आणि टोरॉइडवर ओखदेवहिनींचे सव्वीस वेढे,
एकही दुसऱ्यावर चढलेला नाही.
स्वेटर विणताना बोलायच्या, हे करताना नाही.

मे महिन्याची दुपार. तरी हेअर ड्रायर लावून
एकेक कोपरा तापवत गेले.
कानात खरखर, आणि खरखरीच्या तळाशी
कोणीतरी मोर्समध्ये सावकाश आपलं नाव सांगत होतं.
अर्ध्या नावात बंद.
झाडूच्या काडीनं दाबलं: आला.
सोडलं: गेला.
भिंग धरलं.
राखाडी, खडबडीत,
पायाभोवती केसाएवढी भेग.

हे अक्षरही ओळखीचं निघालं.
सत्त्याण्णवचं उन्हाळी शिबिर.
सोल्डरिंग आयर्न मी तेव्हा पेन्सिलीसारखं धरायचे,
आणि डाग दिला की फुंकर.
"फुंकू नकोस गं, त्याचं ते थिजेल,"
काका किती वेळा म्हणाले असतील.

इतकी वर्षं मी दोष देत आले
बिस्किटांच्या डब्याला, जेल रोडवरच्या स्वस्त कपॅसिटरला,
एकदा तर नजमुद्दीनभाईंना, तोंडावर.

पण याच्या डावीकडचा डाग काकांचा. उजवीकडचाही.
म्हणजे ते इथे बसले होते,
इतक्या जवळ, हातात तापलेलं टोक घेऊन,
आणि मधला तसाच ठेवून उठले.
दिसला नाही? त्यांना?
माझं मन राखलं,
की जेवायला हाक आली म्हणून उठले, एवढंच?
विचारायला काका नाहीत.
आमच्यात माणूस गेला म्हणत नाहीत,
चावी गप्प झाली म्हणतात.
त्यांची मोर्सची चावी मुलानं आणून दिली,
ती आहे जिन्याखाली, रुमालात गुंडाळून.
वहीत चढवायची राहिली आहे.

जुनं कथील ओढून काढलं, नवं दिलं.
ओठ दाबून धरले.
संध्याकाळी सेंधव्याहून कोणी म्हणालं, आवाज स्वच्छ आहे,
कोणी दुरुस्त केला?
ज्यानं बिघडवला त्यानंच, म्हटलं.
त्याला वाटलं, थट्टा.

काल राऊहून यामिनी पाटीदार आली,
स्वतः जोडलेला पॉवर सप्लाय पिशवीत घेऊन.
एक डाग पार राखाडी.
"फुंकतेस का?"
ती नुसती हसली.
सेट तिला दिला, वर भिंगही दिलं,
वही पुढे ओढली तर माझं पेन उठेना.
तिनं आपलं काढून दिलं.

रात्री पर्स उघडली, तेव्हा कळलं
ते माझ्याकडेच राहिलंय.