तासभर पाणी सांडू नका

आधी नुसता आवाज.
वरच्या खैरनारांनी फ्लश ओढला
की आमच्या न्हाणीतली जाळी घोट घ्यायची,
गुडुक, गुडुक,
खाली कुणी तहानेलं बसलंय जणू.
मी म्हटलं, असेल.
घर जुनं, सिडकोच्या पाचव्या स्कीमचं,
त्यालाही खोकला व्हायचाच.

मग केस काढले, मेघनाचे, लांब,
साबणाने बुळबुळीत झालेले, बोटाला गुंडाळून.
आधणाचं पाणी ओतलं, धुण्याचा सोडा ओतला,
किराणावाल्याने दिलेली निळी पुडी ओतली.
डोळे चुरचुरले, बाकी काही नाही.
मंगळवारी धुण्याचं मशीन फिरलं
आणि फेस आला संडासाच्या भांड्यात.
मशीन इथे, भांडं तिथे,
मध्ये दोन भिंती.
जाळीतून भाताची शितं वर आली.
आमच्याकडे त्या दिवशी भात नव्हता.

शितं पाहून मला काय झालं सांगू?
बरं वाटलं.
पार्किंगवरून मागच्या दिवाळीपासून बोलणं बंद,
आता तर पुरावाच.

दगूभाऊ पगारे सायकलवर आले,
कामट्यांचं भेंडोळं कॅरियरला बांधून.
मोरीत वाकलेसुद्धा नाहीत.
"एक मोरी तुंबली तर खोट त्या मोरीची, ताई.
सगळ्या एकदम रडायला लागल्या
तर बाहेर बघायचं. पुडीचे पैसे वाया."
चेंबरचं झाकण पहारीने सरकवलं,
मागे व्हा म्हणाले,
आणि स्वतःही मागे झाले.
खिशातली बिडी खिशातच.
"वाफ जाऊ द्या. आत उतरायचं नाही कधी.
कामटी लांब हवी, माणूस नको.
माझा मावसभाऊ उतरला होता."
पुढे बोलले नाहीत,
कामटीला कामटी बांधत राहिले.

मग म्हणाले, "वर सांगून या,
तासभर पाणी सांडू नका म्हणावं."

खैरनारबाईंनी दार उघडलं, हात कणकीचे.
मी म्हटलं, हात धुऊ नका.
वर्षानंतरचं माझं पहिलं वाक्य, हे असं.
त्या तशाच हात वर धरून
माझ्यामागून जिना उतरल्या.
तिसऱ्या मजल्यावरचे आहेर आजोबा म्हणाले,
तास धरवेल. सव्वा तास नाही.

तीन मजले कोरडे.
पौषातली सकाळ, कुठे तांब्याचा आवाज नाही,
एवढं शांत हे घर मी कधी ऐकलं नव्हतं.
कामटी गेली, अडली, फिरली, परत अडली.
दगूभाऊंनी जे ओढून काढलं
ते फडकं नव्हतं,
मुळं होती. तांबूस, बारीक, हातभर वेणी,
मेघनाच्या केसांहून दाट,
आणि तिच्यात सगळ्यांची शितं.

मी लगेच ओळखली.
माझा कढीपत्ता.
नर्सरीतून पिशवीत आणलेला,
जागा नाही म्हणून चेंबरशेजारी मीच खोचलेला.
एवढा कसा हो फोफावला, लोक विचारायचे,
मी म्हणायची, हात लागतो एकेकाचा.
त्याचेच डहाळे खैरनारबाई,
बोलणं बंद असताना,
पहाटे गुपचूप तोडून न्यायच्या.
मला ठाऊक होतं. त्यांना ठाऊक होतं की मला ठाऊक आहे.

"तरीच," त्या आता म्हणाल्या,
"आमच्या आमटीला एवढा वास."

पाणी एकदम खाली बसलं,
मोठा उसासा टाकून गेलं,
इथल्या चेंबरातून पुढच्या, तिथून पुढच्या,
कुठे मध्ये गाळतात म्हणे,
आणि मग नासर्डी, जिला पाट्यांवर हल्ली नंदिनी लिहितात.
नवं नाव घेऊनही ती जुनंच सगळं पोटात घालते.
वरून आजोबा ओरडले, झालं का?

दगूभाऊंनी हात पुढे केले.
साबण आणला, तांब्याने पाणी घातलं,
मग खैरनारबाईंच्या कणकीच्या हातांवर,
उभे होतो तिथेच, झाडाच्या बुंध्याशी.
माती लगेच प्यायली.

"तोडा," दगूभाऊ म्हणाले,
"नाहीतर वर्षाने बोलवा."

त्यांचा नंबर मी मीटरच्या पेटीवर
खडूने लिहून ठेवलाय.