टेबलाची उंची

जळगावच्या आमच्या थिएटरात टेबल खाली येतं
एका हद्दीपर्यंत. त्याखाली कुरकुरतं, थांबतं.
ज्यांच्यासाठी ते बनलं त्यांची कोपरं
माझ्या कोपरांहून चार बोटं वर असतात,
म्हणून मी पाटावर उभी राहते.
सागाचा पाट, एरंडोलच्या सुताराने केलेला.
त्याला वाटलं सत्यनारायणाला हवाय,
त्याने कडेने वेल कोरून दिली.
सतरा वर्षं त्या वेलीवर टाचा रोवून
मी लोकांची पोटं उघडते.

वारके सरांनी हात धरून शिकवलं.
त्यांची मान पुढे गेलेली, कायमची;
भाजीबाजारातही असे चालायचे
की पडलेली चवली शोधताहेत.
तेव्हाचं दुखणं सरळ होतं,
दिवसभर निंदणी केल्यासारखं, कमरेत.
हात मनगटापर्यंत उबेत,
आणि काय चाललंय ते बोटांना आधी कळायचं,
मला मागून.

मग दुर्बीण आली.
पोटात हवा, चार भोकं,
आणि पडदा भिंतीवर, जिथे आधीच खिळा होता तिथे.
मान उजवीकडे, हात डावीकडे, खांदे कानांशी.
मूठ वर न्यावी तर टोक खाली जातं.
मला साडेसहाचा ग्लोव्ह लागतो;
कात्रीची कडी कुणा साडेआठच्या पंजाची.
पेशंट दुसऱ्या दिवशी चहा पितो, तिसऱ्या दिवशी घरी.
आणि रविवारी बडगीत भरीत ठेचताना
माझ्या हातून मुसळ सुटतं,
अंगठा कुठे संपतो तेच कळत नाही.

एकदा पडदा लाल झाला. सगळा.
मी म्हटलं, उघडा.
नंतर बोटांत ती नस सापडली, धडधडणारी.
ती बाई जगली. मुलीच्या लग्नाची पत्रिका आली, हळदीची बोटं लावलेली.
अजून लाइट जाऊन टीव्ही काळा झाला
की माझी बोटं आपोआप मिटतात.

यंदा रोबोट आला. नारळ फुटला, पेढे वाटले.
आता मी बसते. पाट कोपऱ्यात.
कपाळ टेकवून आत बघते, पेशंट दहा फुटांवर.
पाठ दुखत नाही, खोटं कशाला बोलू.
पण काय ओढलं जातंय ते हाताला लागत नाही;
डोळ्यांनीच ओळखायचं, किती पांढरं पडलं, किती ताणलं.
चार तास असं बघितल्यावर
रात्री गाडी लावताना भिंत किती लांब, याचा भरवसा नसतो.
आणि फिरके सिस्टरचा श्वास ऐकू येत नाही.
त्या श्वासावरून मला समजायचं
रक्त किती जातंय.

काल धुडकूदादा आला, धरणगावच्या जिनिंगमधला हमाल.
रुईच्या गाठी उचलून जांघेत हर्निया.
मी तिन्ही प्रकार समजावले, खर्चासकट.
तो माझ्या तोंडाकडे बघत नव्हता.
म्हणाला, “बाई, तुना हाऊ खांदा उतरेल शे.
एकज खांदावर कितला दिन वजं लेशी?”
मी हसले. लिहिलं: तीन महिने वजन उचलू नये.
कागद उलटसुलट करून त्याने विचारलं,
“आनि तुले कोन देखस?”

बाहेर पुढच्या पेशंटची खोकण्याची घाई.
मी बेल दाबली.

उद्याच्या यादीत तो चौथा, उघडं ऑपरेशन; त्यानेच निवडलं.
पाट पुसून ठेवा म्हटलं,
आणि टेबलाच्या नेहमीच्या बाजूला नको,
पलीकडे.
सिस्टरने का ते विचारलं नाही.
तीही मघापासून
आपलं मनगट चोळत होती.