सातवी पायरी

पवननगरच्या घरात सिडकोनं दिली होती
एक खोली, एक मोरी.
वरचे दोन मजले आम्ही चढवले:
पहिला सासऱ्यांच्या फंडातून,
दुसरा भांडणातून.

खाली भाऊजी, वर आम्ही.
राउटर त्यांच्या फ्रिजवर, चिवड्याच्या डब्याला टेकून.
बिल निम्मं-निम्मं, पाच तारखेला, पाकिटातून.
मी वर एक्स्टेंडर आणला, तेव्हा ह्यांनी
त्याला नाव दिलं: 'वरचे'.
त्या दिवसापासून खालच्याचं नाव
कुणी न ठेवता 'खालचे' झालं.

हर्षल खालच्यांचा, पण जेवतो दोन्हीकडे.
कानाला फोन लावून जिना चढतो
आणि सातव्या पायरीवर त्याचं वाक्य तुटतं.
हॅलो. हॅलो. अरे, येतोय का आवाज?
चाकणच्या कंपनीचा इंटरव्ह्यू तिथंच गेला,
'माझी सगळ्यात मोठी ताकद म्हणजे' इथपर्यंत येऊन.
जाऊबाई म्हणाल्या, वरच्यांनी ओढलं असेल नेट.

मी सातपूरला पॅनेल वायरिंग करते.
कुठली जोडणी दगा देणार, बोटांना आधी कळतं.
शनिवारी लाइट बंद असतात कारखान्याचे,
बसले जिन्यात, फोनमध्ये मीटर लावून.
पाचवीवर वजा अडुसष्ट.
सहावीवर वजा शहात्तर.
सातवीवर वजा चौऱ्याऐंशी, तरी फोन
खालच्यालाच धरून,
आणि वर चार हातांवर भरलेला सिग्नल तसाच पडून.
सोडायचं कधी, हे राउटर ठरवत नाही,
फोन ठरवतो.
आणि फोनला शेवटपर्यंत वाटत असतं,
आहे की अजून थोडं.

ह्यांना म्हटलं, दोघांचं नाव एक करावं लागेल.
पासवर्डही एक.
कुणाचं? म्हणाले.
जे आधीपासून आहे, ते.
रात्री दोनदा उठून पाणी प्यायले.
सकाळी दाढी करताना आरशाला म्हणाले, कर.

मग स्लॅबला भोक. त्यातून केबल,
म्हणजे वरच्यानं हवेतून उसनं घ्यायला नको.
ड्रिल माझ्या हातात, स्टूल भाऊजींनी धरलेलं,
सिमेंटचा भुगा त्यांच्या टकलावर,
आणि जाऊबाई भाजीवर ताट झाकत
बघत होत्या वर, कितीतरी दिवसांनी, सरळ.

चॅनेल खाली एक, वर अकरा:
एकमेकांच्या बोलण्यात बोलायचं नाही.
भाऊजी, आता तुमच्या राउटरचा जोर कमी करायचाय.
आमचाच का?
भाऊजी सव्वीस वर्षं प्रेसशॉपला.
हळू बोलणं त्यांना ठाऊकच नाही.
म्हटलं, तो इतका मोठ्यानं हाका मारतो
की पोरगं वर पोचलं तरी
फोनला वाटतं, आपण खालीच आहोत.
गप्प झाले. किती करतेस?
अर्धा.
पाऊण ठेव.
पाऊण ठेवला.

रात्री हर्षल जिना चढला.
कानाला फोन, हातात वाटी, ओझरच्या मित्राशी
सायलेन्सरवरून वाद.
मी सहावीवर भिंतीला लागून उभी.
पाच. सहा. माझ्या चपलेला ठेच लावून सात.
एक अक्षर बहुतेक गिळलं गेलं, 'सायलेन्सर'मधलं 'य'.
आठ. नऊ.
त्यानं वळूनही बघितलं नाही.
इतकी मेहनत केल्यावर एवढंच हवं असतं खरं तर,
की कुणाच्या लक्षातच येऊ नये.
तरी थोडा राग आला.

माझा फोन अजून विचारतोय,
'वरचे' सापडत नाही. हे नेटवर्क विसरायचं?
बोट टेकवलं नाहीये मी.

तेवढ्यात खालून आवाज,
तीन गल्ल्यांना ऐकू जाईल असा:
अगं ए, पाऊणच्या जागी अर्धा केला
तर अजून नीट चालेल का?